ओढ्याच्या वरच्या अंगाला

एसटीतून निवृत्त झाल्यावर मी माहेरच्या गावी येऊन राहिले. नोकरी सगळी कंडक्टरची. सुरुवातीची वर्षं कंधारला, पुढं निलंग्याला. मालक आधीच गेले होते, लेक लातूरला नांदत होती आणि भाड्याच्या खोल्या बदलून मी कंटाळले होते. भावानं वस्तीत त्याच्या घराशेजारची जागा दिली, तिथं दोन खोल्या बांधल्या. गाव लातूर जिल्ह्यातलं आहे. नाव सांगत नाही, कारण त्याच गावात मला अजून राहायचंय.

आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. ओढा तालुक्याच्या गावाकडून येतो, आधी आमच्या गावाला लागून जातो, मग वस्तीकडं वळतो आणि पुढं काही गावं ओलांडून नदीला मिळतो. माझ्या लहानपणी गावातल्या बायका वरच्या बाजूला धुणं धुवायच्या, आमच्या बायका खालच्या बाजूला. आमच्याकडं येणारं पाणी वरच्यांनी वापरून सोडलेलं. म्हणून आई काठच्या वाळूत हातानं झरा उकरायची आणि त्यात साचलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायची. एक घागर भरायला किती तरी वेळ जायचा. आईला तेव्हा काय वाटत असेल ते मला पुढं कळलं. त्या वयात मला फक्त वाळूतून पाणी वर येताना बघायला आवडायचं.

गावी आल्यावरच्या पहिल्याच दिवाळीनंतर एका सकाळी दार उघडलं तर नाकात असा वास शिरला की चूळ अर्ध्यावर टाकून मी आत आले. गूळ नासला आणि त्यात गटार मिसळलं की कसा वास येईल, तसा. ओढ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं आणि कडेला पिवळट फेस चिकटला होता. भावजय अंगण झाडत होती. तिला म्हटलं, "हे काय गं?"

"हंगाम सुरू झाला," ती म्हणाली. "होळीपर्यंत असंच ऱ्हातंय."

थंडी पडली म्हणावं तसं तिनं ते सांगितलं. वरच्या अंगाला उसापासून गुळाची पावडर काढणारा कारखाना निघाला होता, हे मला माहीत होतं. निलंग्याच्या रस्त्यानं जाता-येता उसाचे ट्रॅक्टर मीच कितीदा बघितले होते. पण कारखान्याचं पाणी कुठं जातं, हा विचार गाडीत तिकिटं फाडताना कधी डोक्यात आला नव्हता.

ओढ्याच्या पलीकडं आक्काचं रान. आक्का गावातली, शेतकऱ्याच्या घरची, माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी. मी निलंगा गाडीवर असताना ती भाजीची पाटी घेऊन माझ्याच गाडीनं बाजाराला यायची. मी पाटी ड्रायव्हरच्या मागं ठेवू द्यायचे म्हणून ती उतरताना मूठभर मिरच्या माझ्या पिशवीत टाकायची. गावात सगळे मला नावानं हाक मारत, ती एकटी मात्र "कंडक्टरबाई" म्हणायची. मी गावी आले तसं तिचं माझ्याकडं येणं-जाणं सुरू झालं. ओट्यावर बसायची, चहा प्यायची. तिच्या सासूनं आमच्या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे तिनंच मला एकदा हसत सांगितलं होतं.

त्या हिवाळ्यात ती आली तेव्हा हसत नव्हती. तिच्या म्हशीनं दुसऱ्यांदा गाभ टाकला होता. आक्काची विहीर ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. जनावरं त्याच पाण्यावर.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"त्यो म्हणतो, टॉनिक द्या. टॉनिकानं काय व्हतंय गं? पाण्याला वास मारून राहिलाय. जनावर तोंड लावंना, मग तहानंनं कासावीस होऊन पेतंय."

त्याच सुमारास गावातल्या काही बायकांना नळाचं पाणी तपासायला शिकवायचं म्हणून पंचायत समितीत बोलावलं होतं. ग्रामसेवकानं माझं नाव घातलं, कारण मला लिहिता येत होतं आणि दिवसभर रिकामी होते. तिथं आम्हाला एक निळी पेटी मिळाली. तिच्यात थेंब टाकायच्या बाटल्या, रंग जुळवून बघायचा कागद आणि बुडाशी पावडर असलेल्या छोट्या शिश्या. शिशीत पाणी भरून उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं. मॅडम चांगल्या शिकवत होत्या. शिकवताना त्यांनी सांगितलं होतं की, हे फक्त नळाच्या पाण्यासाठी.

आक्काला पेटी दाखवली तर ती म्हणाली, "नळाचं काय बघतीस? माझ्या हिरीचं बघ की."

बघितलं. शिशी चुलीजवळच्या कोनाड्यात फडक्यात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी आक्का दिवस उगवायलाच हजर. फडकं सोडलं तर पाणी शाईसारखं काळं. आक्कानं शिशी उजेडात धरली.

"माणसाची घाण?"

"माणसाची, जनावराची. काय ते मला सांगता येत न्हाई."

"चल," ती म्हणाली. "वर जाऊन बघू."

असं आमचं ओढ्याच्या काठानं चालणं सुरू झालं. दोघीही साठीच्या आसपासच्या, दोघींचे गुडघे दुखणारे. हातात काठी, माझ्या खांद्यावर कंडक्टरची जुनी चामडी पिशवी आणि तिच्यात शिश्या. रानात कामाला निघालेल्या बायका विचारायच्या, "कुठं निघालाव?" आक्का म्हणायची, "पोरगी बघायला."

वेड्या बाभळींनी काठ गच्च भरलेला. साडी अडकायची, काटे बोचायचे. शेवटी एका सकाळी पाइप सापडला. सिमेंटचा, बाभळीच्या खाली जवळजवळ झाकलेला, कारखान्याच्या मागच्या भिंतीच्या दिशेनं गेलेला. त्यातून पाणी पडत होतं आणि थंडीमुळं त्याच्या वाफा निघत होत्या. आक्कानं बोट घातलं आणि पटकन मागं घेतलं.

"गरम हाय, बाई!"

सापडलं एकदाचं, असं मला वाटलं. नोकरीत असताना बिनतिकिटाचा माणूस नेमका सापडला की वाटायचं, तसं. पाइपाखालचं पाणी शिशीत भरलं, वरचंही भरलं, म्हणजे फरक दिसेल. घरी येऊन दोन्ही शिश्या कोनाड्यात ठेवल्या. दोन्ही काळ्या पडल्या. परत जाऊन आणखी वरचं पाणी आणलं. तेही काळं. तालुक्याच्या गावाचं गटार त्याच ओढ्यात येतं, हे पुढं चालत गेल्यावर दिसलं. मग मी आमच्या वस्तीची गटारं ओढ्यात पडतात तिथलं पाणी घेतलं. ते तर सगळ्यांत लवकर काळं झालं.

आक्का म्हणाली, "मग कारखान्याचं काय धरायचं?"

लातूरला लेकीकडं गेले तेव्हा जावयाला विचारलं. त्यांच्या बिल्डिंगमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे एक सर राहतात. मी दोन बाटल्या पाणी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. सर चष्मा वर सरकवून बाटलीचा वास घेत म्हणाले, "मावशी, ही शिशी पाण्याला चुकीचा प्रश्न विचारते. मैला आहे का, एवढंच ती बघते. कारखान्याच्या पाण्यात साखर असते. साखर पाण्यात गेली की तिच्यावर जंतू तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे विषानं मरत नाहीत, गुदमरून मरतात."

त्यांनी दोन ड्रॉपर बाटल्या आणि रबरी हातमोजे दिले आणि कसं करायचं ते करून दाखवलं. पाण्याची बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एका बाटलीतले थेंब, मग दुसरीतले थेंब, आणि बूच लावून हलवायचं. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी गाळ तयार होतो. नसला तर पांढरा. "हाताला लागू देऊ नका," असं त्यांनी मला दाराबाहेर येईपर्यंत सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी आणि आक्का पाइपाच्या वर उभ्या राहिलो. ओढ्यात तालुक्याचं गटार मिसळलेलं असूनही वरच्या बाटलीत फिकट तपकिरी गाळ खाली बसला. पाइपाच्या खालच्या बाटलीत गाळ तयार झाला तो ताकासारखा पांढरा. पाण्यात श्वास घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. आक्कानं दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या, एकीकडून दुसरीकडं बघितलं आणि म्हणाली, "आता ह्याला कोण न्हाई म्हणंल?"

मलाही तसंच वाटलं होतं. त्या दिवशी परत येताना आम्ही दोघी गप्पा मारत, हसत आलो. काटे बोचल्याचंही काही वाटलं नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी प्रदूषणाची तक्रार घेणारं ऑफिस आहे, तिथं आम्ही गेलो. आक्कानं ठेवणीतली साडी नेसली होती. एक तरुण साहेब भेटले, वयानं माझ्या जावयाएवढे. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, बाटल्या हातात घेऊन बघितल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की रंगाचा अर्थ त्यांना मी सांगायच्या आधीच कळला आहे.

"मावशी, तुम्ही केलंय ते बरोबर आहे. पण हा नमुना चालत नाही. आमच्या माणसानं घेतलेला, आमच्या प्रयोगशाळेत तपासलेला नमुनाच चालतो."

"मग तुम्ही घ्या की," आक्का म्हणाली.

"येतो. तारीख ठरवून कळवतो."

"आम्हाला कळवा, कारखान्याला कळवू नका," मी म्हटलं.

ते नुसते हसले.

ते आले तेव्हा हंगाम ऐन भरात होता. सकाळी ओढ्यावर गेले तर वास नव्हता. मी जागच्या जागी थांबले. पाणी स्वच्छ होतं. पाइपातून नितळ पाणी पडत होतं, गार, बोअरचं असावं तसं. बाभळी तोडून वाट मोकळी केलेली, वर चुन्याची फक्की मारलेली. साहेब जीपमधून उतरले, त्यांच्याबरोबर कारखान्याची दोन माणसंही उतरली. साहेबांनी खाली बसून बाटली भरली, तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि उभे राहिले. मी त्यांच्या जवळ गेले.

"साहेब, काल हितं उभं राहता येत नव्हतं. गावात कोणालाबी विचारा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ओढ्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "मला कळतंय मावशी. पण आज बाटलीत जे आहे, तेच मला लिहावं लागणार."

"न सांगता या मग कधी तरी."

"गाडी मिळाली तर येईन," असं म्हणून ते जीपकडं गेले. माणूस खोटं बोलत नव्हता. गाडी मिळाली तर तो आलाही असता. तो परत आला नाही. पुढं त्याची बदली झाल्याचं कळलं. पाणी ठरवून दिलेल्या मर्यादेत असल्याचं उत्तर आलं. जीप गेली त्याच संध्याकाळी ओढ्याला परत फेस आला होता.

त्यानंतर जे झालं ते मला सांगायला सगळ्यांत जड जातं. आक्काच्या रानात दोन एकर ऊस होता आणि तो त्याच कारखान्याला जायचा. आजूबाजूच्या सगळ्यांच्या उसाला तोड आली. कारखान्याच्या टोळ्या आल्या, कोयते चालले, रानं मोकळी झाली. आक्काचा ऊस उभाच. मुकादमाला विचारलं तर म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा आला की पुन्हा पुढचा. उसाला तुरे आले. ऊस आतून पोकळ पडू लागला, त्याचं वजन घटू लागलं. कोणी धमकी दिली नाही, कोणी वाईट शब्द बोललं नाही. फक्त तोड आली नाही.

एका दुपारी आक्काचा मुलगा माझ्या दारात आला. चांगला मुलगा, लहानपणी माझ्या गाडीत आईच्या मांडीवर झोपून जायचा. मी खुर्ची पुढं केली, पण तो उभाच राहिला.

"मावशी, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल की."

"आईला तुम्ही आता बोलवू नका. तुम्हाला पेन्शन हाय. आमच्याकडं ऊस हाय, आन् तो वाळून राहिलाय."

"अरे, पण तुझ्याच विहिरीचं पाणी…"

"विहिरीचं मला म्हाईत हाय. म्हस माझीबी हाय. पण विहीर घिऊन मी काय करू, ऊस रानातच जळाला तर?"

मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला, भांडं खाली ठेवलं, पाया पडून गेला. पाया पडला म्हणून मला जास्त वाईट वाटलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी आक्काच्या उसाला तोड आली. त्याआधी घरातून कोण कोणाकडं जाऊन आलं, काय कबूल करून आलं, मी विचारलं नाही. आक्का ओढ्याच्या काठानं यायची बंद झाली. चहाला यायची, ओट्यावर बसायची, सुनेच्या कागाळ्या सांगायची. ओढ्याचा विषय निघाला की उठायची. एकदा जाता जाता म्हणाली, "तू म्हणशील, आक्का भ्याली."

"म्हणत न्हाई."

"मी म्हणते ना," ती म्हणाली आणि गेली.

तो हंगाम संपला. उन्हाळ्यात ओढा आटला, डबकी राहिली. मला घरात बसवेना. डोक्यात एकच घोळत होतं की वस्तीच्या गटाराची शिशी सगळ्यांत लवकर काळी पडली होती. कारखान्याचं आपल्याला काही करता येत नाही, पण आपल्या घाणीचं तरी करता येईल. लातूरच्या सरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, गटार ओढ्याला मिळण्याआधी खड्डा घ्या, त्यात खडी, वाळू भरा आणि कर्दळ लावा. मी वस्तीतल्या बायकांना गोळा केलं. सगळ्या आल्या असं नाही. काही म्हणाल्या, हिला काम नाही. पण ज्या आल्या त्यांनी मनापासून केलं. माझी भावजय सगळ्यांत पुढं. पाट्यांनी वाळू वाहिली, कर्दळीचे कंद शाळेच्या आवारातून मागून आणले.

पावसाळ्यात कर्दळ माणसाच्या छातीएवढी झाली. लाल-पिवळी फुलं आली. खड्ड्यातून पुढं जाणारं पाणी गढूळ असलं तरी त्याला वास नव्हता. पुरानं ओढा धुऊन निघाला आणि भाद्रपदात मला काठाशी बारीक मासे दिसले, बोटाच्या पेराएवढे. चतुर उडत होते. एका सकाळी मी सरांच्या थेंबांनी पाणी तपासलं तर गाळ गडद तपकिरी, जवळजवळ विटेच्या रंगाचा. मी ती बाटली घेऊन घरोघरी गेले. लोकांना तिच्यात काय बघायचं ते कळत नव्हतं, पण माझा चेहरा बघून तेही हसत होते. आक्कालाही दाखवली. तिनं बाटली हातात घेतली, खूप वेळ बघितली आणि पदरानं पुसून परत दिली.

ते दोनच महिने. नंतर एवढा आनंद झालेला मला आठवत नाही.

दिवाळी झाली आणि हंगाम सुरू झाला. पहिलं पाणी सोडलं तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत होते. आधी वास आला. ओढ्यावर पळत गेले. मासे सगळे वर आले होते. पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडं काढून उघडझाप करत होते, शेकडो बारीक तोंडं. काही काठावरच्या चिखलात उड्या मारत होते. सर म्हणाले होते, गुदमरून मरतात. ऐकलं होतं, पण तसं होताना बघितलं नव्हतं. मी एका पातेल्यात नळाचं पाणी घेऊन आले, हातानं काही मासे त्यात टाकले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेही मेले. दुपारपर्यंत ओढा पांढऱ्या पोटांनी भरला होता.

वस्तीतली एक म्हातारी टोपली घेऊन खाली उतरली आणि मासे गोळा करू लागली. मी तिला म्हटलं, "आत्या, खाऊ नका ते, पाणी खराब झालंय."

तिनं मान वर न करता विचारलं, "फुकट वाया घालवू का मग?"

मी तिच्या हातातली टोपली धरली. तिनं ओढली. वस्तीतल्या बायका बघत होत्या. शेवटी मी सोडून दिलं. तिला काही झालं नाही. झालं नाही, हेच नंतर लोकांनी मला ऐकवलं.

कर्दळ जळाली नाही. ती वाढतच राहिली. सडक्या पाण्यावर तिला आणखी जोर आला. पण आमच्या खड्ड्यातून जे पाणी थोडं निवळून निघत होतं ते ज्या पाण्यात पडत होतं त्याच्यात जीवच नव्हता. बायका विचारू लागल्या, आता कशाला साफ करायचं? मी एकटीनं काही दिवस खड्डा उपसला. मग पाठ धरली आणि मीही थांबले.

त्यानंतरच्या वर्षी कारखान्यानं गावाला फिल्टरच्या पाण्याचं मशीन दिलं. कार्ड लावलं की कॅन भरतो, तसलं. आणि ते बसवायला जागा निवडली ती आमच्या वस्तीत. एवढ्या वर्षांत गावात पाण्याचं जे काही आलं ते आधी वर आलं आणि उरलंसुरलं आमच्याकडं. पहिल्यांदा असं झालं की गावातली माणसं कॅन घेऊन आमच्या वस्तीत येणार होती. वस्तीत आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मलाही झाला. आई असती तर, असं मनात येऊन गेलं.

सरपंच घरी आले. "मावशी, नारळ तुमच्या हातानं फोडायचाय. पाण्यासाठी गावात सगळ्यांत जास्त तुम्हीच केलंय."

मी नाही म्हटलं. संध्याकाळी भावजय आणि वस्तीतल्या बायका आल्या. भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही न्हाई फोडला तर वरचा कोणीतरी फोडंल. आपल्या वस्तीत, आपल्या म्होरं."

मी फोडला. हार घातला, फोटो काढले. कारखान्याचे मोठे साहेब माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले की, अशा जागरूक महिला गावोगाव पाहिजेत. तो पाइपापाशी आलेल्या दोघांतलाच एक होता. त्यानं मला ओळखलं होतं आणि मी त्याला. पाणी खरोखर गोड होतं.

ते मशीन जेवढं पाणी गाळून देतं त्याच्यापेक्षा जास्त खारं पाणी मागं टाकतं. त्या पाण्याची नळी मशीनच्या मागून काढून थेट ओढ्यात सोडली आहे. मी ग्रामपंचायतीत विचारलं, तर म्हणाले, "ओढा तसाबी खराबच हाय की."

आता ओढ्याबद्दल कोणी बोलत नाही. प्यायला पाणी आहे, मग बोलायचं कशाला. आक्कानं विहीर वापरायची बंद केली, म्हशी विकल्या. मुलानं बोअर घेतला, तो खोल गेलाय. ग्रामसभेत ठराव झालाय की वस्तीजवळच्या पट्ट्यात ओढ्यावर स्लॅब टाकायचा, म्हणजे वास येणार नाही आणि वर गाळे निघतील. लोक गाळ्यांची वाट बघतायत. माझ्या भाच्यालाही एक हवाय, मोबाईल दुरुस्तीसाठी.

मागच्या महिन्यात खालच्या गावातली एक बाई माझं घर विचारत आली. चाळिशीतली असेल. शिवणकाम करते म्हणाली. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, पाणी चहाच्या रंगाचं. तिच्या गावात ओढा येतो तिथं जनावरं पाणी पीत नाहीत. कोणीतरी तिला सांगितलं होतं की, वरच्या गावात एक कंडक्टरबाई आहे, तिला पाणी तपासता येतं.

मी चहा ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. पाइप कुठं आहे ते सांगितलं. थेंबांचं सांगितलं. साहेबांचं, तोडीचं, माशांचं सांगितलं. ती मधे मधे "अगं बाई" म्हणत होती. नंतर तिनं म्हणायचं सोडलं आणि नुसतं ऐकत राहिली.

"घरचा ऊस हाय का तुमच्याकडं?" मी विचारलं.

"दिराचा हाय," ती म्हणाली. "एकातच ऱ्हातो आम्ही."

चहा संपला. ती म्हणाली, "मग आता मी काय करू?"

करा म्हणायची मला हिंमत झाली नाही आणि करू नका म्हणवलंही नाही. मी म्हटलं, बाटली ठेवून जा, मी तपासून सांगते. ती म्हणाली, "तपासून काय निघणार हाय ते तुम्ही सांगितलंच की."

तिच्या गाडीची वेळ झाली होती. मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. गाडी लांब दिसू लागली तसं तिनं पिशवीतून बाटली काढली. गाडीत सांडलं तर लोकांना वास येईल म्हणून, असं तिनं मला सांगितलं. रस्त्याच्या कडेला वाकून तिनं पाणी ओतून टाकलं आणि रिकामी बाटली परत पिशवीत ठेवली. चांगली बाटली होती, झाकण घट्ट बसणारी.